नव्या हाउसिंग प्रोजेक्टच्या गेटसमोर टर्न लेन लागते का? मोजायचं कसं आणि ठरवायचं कसं

नवीन हाउसिंग प्रोजेक्टचा प्लॅन हातात आला की सगळ्यांचं लक्ष आत असतं, घरं किती, पार्किंग किती, बाग कुठे, आणि आतला रस्ता मेन रोडला जिथे येऊन मिळतो तिथे मात्र नकाशावर दोन गोल कोपरे काढून विषय संपवलेला असतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळ्यात जास्त धोका नेमका त्या दोन कोपऱ्यांमध्ये असणार आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून तिथे टर्न लेन, म्हणजे वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी लेन, लागते का हे जरा सविस्तर लिहितोय. कॉलेजमधून नुकते बाहेर पडलेले इंजिनिअर, डेव्हलपरकडे काम करणारे, मंजुरीच्या टेबलावर बसणारे आणि तिथे राहायला जाणारे लोक, सगळ्यांना उपयोग होईल असं.

आधी एक चित्र डोळ्यासमोर आणा. संध्याकाळची वेळ, दोन लेनचा रस्ता, मधे डिव्हायडर नाही. एक गाडी उजवीकडे गेटमध्ये वळायचं म्हणून रस्त्याच्या मधोमध थांबलीये, इंडिकेटर चालू आहे, पण समोरून गाड्यांची रांग संपत नाहीये. मागून टेम्पो येतो तो कचकन ब्रेक मारतो, त्याच्या मागच्या बाइकवाल्याला पुढचं काही दिसत नाही म्हणून तो डावीकडून शोल्डरच्या, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीच्या, मातीवरून काढतो, आणि तिथेच कडेला कुणीतरी चालत असतं. टर्न लेनचा अख्खा प्रश्न ह्या एका थांबलेल्या गाडीभोवती फिरतो. ती किती वेळा थांबणार, किती वेळ थांबणार, आणि तेवढ्यात मागून कुणी येण्याची शक्यता किती. बाकी सगळी गणितं ह्याचीच.

आधी डावं-उजवं नीट समजून घ्या

डावीकडून गाड्या चालतात तिथे उजवं वळण म्हणजे समोरचा ट्रॅफिक छेदून जायचं वळण, त्यात थांबावं लागतं. डावं वळण कडेनं होतं, त्यात फक्त वेग कमी करावा लागतो. ह्या विषयावरचे बरेचसे तक्ते अमेरिकेतले आहेत आणि तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे त्यांच्या तक्त्यात 'लेफ्ट टर्न' लिहिलंय ते आपलं उजवं वळण. उलटा तक्ता लावून सादर केलेला रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय, आणि तो तीन टेबलांवरून पुढे गेला होता, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात मात्र डावीकडूनच गाड्या चालतात, त्यामुळे ऑस्ट्रोड्स ह्या तिथल्या रस्ते संस्थेच्या मार्गदर्शिका वाचताना ही उलटापालट करावी लागत नाही. त्यांच्याकडे साधं वळण, थोडं रुंदीकरण केलेलं वळण आणि पूर्ण वेगळी लेन अशा पायऱ्या आहेत आणि कुठल्या ट्रॅफिकला कुठली पायरी ते आलेखावर दिलंय. ही पायऱ्यांची कल्पना मला फार आवडते, कारण प्रश्न दर वेळी 'लेन हवी की नको' इतका सरळ नसतो.

ह्या लेखात पुढे सगळीकडे डावीकडून चालणारा ट्रॅफिक धरलाय.

काउंट: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

मेन रोडवर सध्या किती गाड्या जातात हे मोजायचं. साधा कामाचा दिवस घ्या, शाळा-कॉलेज चालू असताना, सणवार, लाँग वीकेंड, जोरदार पाऊस टाळून. एकदा सुट्टीच्या महिन्यात केलेला काउंट माझ्याकडे तपासायला आला होता, सकाळचा पीक इतका कमी की लेनची गरजच नाही असा निष्कर्ष काढलेला, आणि त्याच रस्त्यावर पुढे शाळा होती. शाळा उघडल्यावर परत मोजायला लावलं तेव्हा चित्रच बदललं.

मोजायचं ते दर पंधरा मिनिटांचे वेगळे आकडे घेऊन. सकाळचे निदान दोन तास आणि संध्याकाळचे निदान तीन, मग सलग चार पंधरा मिनिटांचा सगळ्यात मोठा तास शोधायचा, तो पीक अवर. पंधरा मिनिटांचे तुकडे हवेत कारण तासाची बेरीज फसवते, तासाला ६०० गाड्या म्हणजे दर पंधरा मिनिटाला १५० असं कधीच होत नसतं, एखाद्या तुकड्यात १९० येतात आणि खरी कोंडी त्यातच होते. तासाची बेरीज भागिले सगळ्यात मोठ्या तुकड्याची चौपट, हा झाला पीक अवर फॅक्टर. इथे ६०० भागिले ७६०, म्हणजे ०.७९. हा जितका १ च्या जवळ तितका ट्रॅफिक एकसारखा.

कार, दुचाकी, बस, ट्रक, सायकल हे वेगवेगळं लिहा. दोन्ही दिशा वेगळ्या लिहा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. आणि चालणारे लोक मोजा, प्लीज मोजा, त्यांचा रकाना बऱ्याच फॉर्मवर नसतोच.

कॅमेरा लावून मोजणं सोपं झालंय आता, पण निदान एक पीक अवर स्वतः त्या जागेवर उभे राहा. शेजारच्या गल्लीतून उलट्या बाजूने येणारा रिक्षावाला, बस नेमकी कुठे थांबते, गाड्या कुठे ओव्हरटेक करतात, हे काउंट शीटवर येत नाही, आणि निर्णय कितीतरी वेळा ह्याच गोष्टींवर फिरतो.

मग आजचा आकडा उद्याचा करायचा. प्रोजेक्ट पूर्ण भरायला पाच वर्षं लागणार असतील तर पाच वर्षांनंतरचा ट्रॅफिक हवा. दरवर्षी ३ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांत साधारण १६ टक्के होते. वाढीचा दर त्याच रस्त्याच्या जुन्या काउंटवरून काढा, आणि शेजारी मंजूर झालेले पण अजून न बांधलेले प्रोजेक्ट असतील तर त्यांच्या गाड्या वेगळ्या धरा, त्या ह्या ३ टक्क्यांत बसत नाहीत.

नवीन घरांमधून किती गाड्या निघणार

जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्सचं ट्रिप जनरेशन मॅन्युअल, २०२१ ची ११ वी आवृत्ती. त्यात स्वतंत्र घरांसाठी एका घरामागे दिवसाला ९.४३ ट्रिप, सकाळच्या पीक अवरला ०.७० आणि संध्याकाळच्या पीकला ०.९४ असे सरासरी दर आहेत. कमी उंचीच्या अपार्टमेंटला हेच आकडे ६.७४, ०.४० आणि ०.५१. ट्रिप म्हणजे गेटमधून गाडी एकदा आत किंवा एकदा बाहेर, जाऊन-येऊन दोन ट्रिप होतात, हे लक्षात ठेवा नाहीतर आकडे दुप्पट किंवा निम्मे होतात.

पण हे दर ज्या वसाहतींमध्ये मोजलेत तिथे बहुतेक कामांना कार काढावी लागते. जिथे लोक बस, दुचाकी किंवा पायी जातात तिथे हे आकडे जसेच्या तसे लावणं चुकीचं आहे, आणि चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. ह्यावर सरळ उपाय आहे. तुमच्या प्रोजेक्टसारखीच, तितक्याच उत्पन्न गटातली, भरलेली दोन-तीन संकुलं शोधा, त्यांच्या गेटवर पीकला माणूस उभा करा, आत-बाहेर मोजा आणि ताबा दिलेल्या घरांच्या संख्येने भागा. ताबा दिलेल्या, बांधलेल्या नाही! अर्धं रिकामं संकुल मोजून पूर्ण घरांनी भागलं की दर निम्मा येतो. दोन दिवसांचं काम आहे हे, आणि कुठल्याही पुस्तकापेक्षा ह्या आकड्यावर माझा जास्त भरवसा आहे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊया. १८० स्वतंत्र घरं, दर सोयीसाठी पुस्तकातलेच. संध्याकाळी १८० गुणिले ०.९४ म्हणजे १६९ ट्रिप. संध्याकाळी लोक घरी येतात म्हणून ६३ टक्के आत आणि ३७ टक्के बाहेर, म्हणजे १०७ आत, ६२ बाहेर. सकाळी १८० गुणिले ०.७० म्हणजे १२६, त्यातल्या २६ टक्के आत, म्हणजे ३३, आणि उरलेल्या ९३ बाहेर. आत वळणाऱ्या लेनसाठी संध्याकाळ महत्त्वाची असते हे इथेच दिसतं. सकाळचाच काउंट करून मोकळं होणारे इथे फसतात.

कुठल्या बाजूने येणार

१०७ गाड्या आत येणार, पण उजवीकडे वळून किती आणि डावीकडे वळून किती? हे नोकऱ्या, शाळा, बाजार, हायवे कुठल्या दिशेला आहेत त्यावर आहे. शेजारच्या संकुलाच्या गेटवरची विभागणी मिळाली तर उत्तमच. नाहीतर मेन रोडच्या दोन दिशांच्या ट्रॅफिकच्या प्रमाणावरून अंदाज करतात, पण तो अंदाज एकटा वापरू नका, ५०-५० आणि ७०-३० दोन्ही करून बघा आणि निष्कर्ष बदलतो का ते पाहा. बदलत असेल तर रिपोर्टमध्ये तसं लिहा.

आपल्या उदाहरणात ६० टक्के उजवीकडे वळून येतात असं धरू. म्हणजे संध्याकाळी ६४ उजवी वळणं आणि ४३ डावी. मेन रोडवर त्याच तासात, वाढ धरून, उजवीकडे वळणाऱ्यांच्या दिशेने ४८० सरळ जाणाऱ्या गाड्या आणि समोरून ४२०.

तक्ता लावायचा

ज्या तक्त्यावर बहुतेकांचं काम चालतं त्याचं मूळ हार्मेलिंक ह्या संशोधकाच्या १९६७ च्या अभ्यासात आहे. त्याची कल्पना वर सांगितलेल्या चित्राचीच आहे: वळणारी गाडी थांबलेली असताना मागून दुसरी गाडी येण्याची शक्यता ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाली की लेन द्यायची. ती मर्यादा ताशी ४० मैलांना ०.०२०, ५० मैलांना ०.०१५ आणि ६० मैलांना ०.०१०. वेग वाढला की सहन करायची शक्यता कमी केली आहे, कारण वेगात मागून आदळण्याचे परिणाम वाईट असतात. दोन लेनच्या रस्त्यासाठी त्याने वळायला समोरच्या दोन गाड्यांमध्ये ५ सेकंदांची फट लागते असं धरलंय.

तक्त्यात तीन गोष्टी लागतात. समोरचा ट्रॅफिक, मागून येणारा एकूण ट्रॅफिक, आणि त्यातले किती टक्के वळणारे. मागून येणाऱ्यांमध्ये वळणारे पण मोजायचे, इथे चूक फार होते. आपल्याकडे ४८० अधिक ६४ म्हणजे ५४४, वळणारे साधारण १२ टक्के. समोरून ४२० सरळ आणि ४३ डावीकडे गेटमध्ये वळणारे, एकूण ४६३.

ताशी ४० मैल, म्हणजे ताशी ६४ किमी, ह्या रकान्यात समोरून ४०० आणि १० टक्के वळणारे असतील तर मागून येणाऱ्या एकूण गाड्यांची मर्यादा तासाला ३८०. समोरून ६०० असतील तर ३०५. २० टक्के वळणाऱ्यांना ह्याच मर्यादा २७५ आणि २२५ होतात. आपले आकडे मधले आहेत, प्रमाणात काढलं तर मर्यादा साधारण ३४० येते. आपल्याकडे ५४४. म्हणजे लेन हवी, आणि काठावर नाही, चांगलीच वर.

सकाळचं पण करून बघू. उजवीकडे वळणारे २०, त्या दिशेने सरळ जाणारे ३०० धरले तर एकूण ३२०, वळणारे साधारण ६ टक्के, समोरून ६०० सरळ धरले आणि १३ डावीकडे वळणारे, एकूण ६१३. मर्यादा ३८० च्या आसपास. ३२० त्याच्या खाली, म्हणजे फक्त सकाळ बघितली असती तर लेन नको असं उत्तर आलं असतं. त्याच गेटचं, त्याच दिवशी.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तक्त्याच्या आकड्यावर थांबू नका, हातानं एक छोटं गणित करा, म्हणजे तो आकडा कशाचा आहे ते कळतं. समोरून तासाला ४६३ गाड्या म्हणजे सरासरी दर ७.८ सेकंदाला एक. वळायला ५ सेकंदांची फट लागते. गाड्या अनियमित अंतराने येतात असं धरून सरासरी थांबणं काढलं तर साधारण २ सेकंद येतं, त्यात लेन मोकळी करायला लागणारे १.९ सेकंद मिळवले की एक गाडी साधारण ४ सेकंद लेन अडवते. चार सेकंद ऐकायला काहीच नाही. पण मागून सरळ जाणाऱ्या ४८० गाड्या म्हणजे दर साडेसात सेकंदाला एक, आणि त्या ४ सेकंदांत कुणीतरी येऊन ठेपण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. ६४ वळणं गुणिले ०.४ म्हणजे तासात २६ वेळा, म्हणजे सव्वादोन मिनिटांतून एकदा, कुणीतरी मागे ब्रेक मारतंय. रोज संध्याकाळी. हे सभेत सांगितलं की लोकांना पटतं, 'मर्यादा ३४०, प्रत्यक्ष ५४४' सांगून पटत नाही.

तक्त्याशिवाय अपघातांचे आकडे पण आहेत. अमेरिकेतल्या २०१० च्या हायवे सेफ्टी मॅन्युअलप्रमाणे ग्रामीण दोन लेनच्या रस्त्यावर, सिग्नल नसलेल्या तीन फाट्यांच्या जंक्शनला, छेदून वळणाऱ्यांसाठी लेन दिली की अपघात साधारण ४४ टक्के कमी होतात. शहरी तीन फाट्यांना सुमारे ३३ टक्के. कडेच्या वळणाच्या लेनचा फायदा १४ टक्के. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्पीड आणि नजर

बोर्डावर ५० लिहिलंय म्हणून ५० धरू नका. निदान १०० मोकळ्या धावणाऱ्या गाड्यांचा वेग मोजा, म्हणजे पुढच्या गाडीमुळे अडकलेल्या नाहीत अशा, आणि १०० पैकी ८५ जण ज्या वेगाला किंवा त्याखाली असतात तो वेग घ्या. रडार गन हातात घेऊन रस्त्याच्या कडेला सगळ्यांना दिसेल असं उभं राहिलात तर सगळे सज्जन होतात, त्यामुळे गाडीत बसून किंवा खांबाआडून मोजा.

मग नजर. गेटजवळ रस्त्याला वळण किंवा चढ असेल तर ट्रॅफिक कमी असतानासुद्धा लेन लागू शकते, तक्ता इथे काहीच बोलत नाही. ताशी ६४ किमीला ब्रेक मारून पूर्ण थांबायला, अडीच सेकंदांचा प्रतिक्रियेचा वेळ धरून, सपाट रस्त्यावर साधारण ९२ मीटर लागतात. म्हणजे गेटसमोर थांबलेल्या गाडीचा मागचा भाग ९२ मीटरवरून दिसलाच पाहिजे, उतार असेल तर त्याहून लांबून. वळणाऱ्याला समोरची गाडी दिसायला हवी त्याचं अंतर ०.२७८ गुणिले ताशी वेग गुणिले ५.५ सेकंद, म्हणजे ९८ मीटर. आणि गेटमधून बाहेर पडून उजवीकडे जाणाऱ्याला ७.५ सेकंद हवेत, म्हणजे १३३ मीटर.

हे नकाशावर मोजू नका फक्त. जागेवर जा, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीला, जमिनीपासून १.०८ मीटर, म्हणजे जवळजवळ वाकून किंवा गुडघ्यावर बसून बघा. उभ्या माणसाला जे दिसतं ते कारमधल्या माणसाला दिसत नाही. एका ठिकाणी सगळं मोजमाप बरोबर होतं, फक्त कंपाउंड वॉलच्या कडेला शोभेची झुडपं लावायची ठरली होती, मी खाली बसून बघितलं तर प्रोजेक्टच्या नावाचा दगडी बोर्ड आणि ती झुडपं मिळून अख्खी उजवी बाजू झाकणार होती. प्लॅनमध्ये तो बोर्ड तीन मीटर मागे घेतला आणि झुडपांऐवजी हिरवळ धरली, खर्च शून्य. तुमच्या जागेत नजर मिळत नसेल तर आधी गेट सरकवता येतं का ते विचारा. लेनचा विचार त्याच्यानंतर.

डाव्या वळणाचं काय

इथे मी जरा हात राखून असतो. डावीकडे वळणारा थांबत नाही, फक्त हळू होतो, त्यामुळे फायदा १४ टक्क्यांचा आणि खर्च मात्र तेवढाच. ताशी ४३ वळणांना, ताशी ६४ किमीला, बऱ्याचदा थोडं लांब टेपर, म्हणजे तिरकी, हळूहळू रुंद होत जाणारी कड, पुरतं. वेग ८० च्या वर, ट्रकचं प्रमाण जास्त किंवा गेट उतारावर असेल तर पूर्ण लेनचा विचार जरूर करा. पण शहरात, जिथे फूटपाथवरून लोक गेट ओलांडतात, तिथे कोपऱ्याच्या गोलाईला मोठी त्रिज्या आणि लांब लेन दिली की गाड्या वेगात वळतात आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं. शाळेत जाणारं पोर त्या कोपऱ्यावर उभं असतं. अशा जागी छोटी त्रिज्या आणि फूटपाथ गेटसमोरून सलग त्याच उंचीवर नेणं मला जास्त बरोबर वाटतं, गाडीला दोन सेकंद उशीर झाला तर होऊ दे.

लेन किती लांब

लेनची लांबी दोन भागांची: थांबायची जागा आणि वेग कमी करायची जागा.

थांबायची जागा सिग्नल नसेल तर पीकमधल्या दोन मिनिटांत सरासरी जेवढ्या वळणाऱ्या गाड्या येतील तेवढ्यांची, आणि काही झालं तरी निदान दोन कारची. आपल्याकडे ६४ भागिले ३० म्हणजे २.१, वर धरून ३ गाड्या, एका कारला साडेसात मीटर धरले तर २२.५ मीटर. स्कूल बस किंवा ट्रक वळणार असतील तर एक जागा त्यांच्या लांबीची करा.

वेग कमी करायला, ताशी ६४ म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर, आरामशीर ब्रेकने दर सेकंदाला हा वेग २ मीटर प्रति सेकंदाने कमी होत गेला तर साधारण ७९ मीटर. दोन्ही मिळून १०० मीटरच्या आसपास. ह्यातला काही भाग टेपरमध्ये येतो. लेन उघडणारं टेपर ताशी ५० किमीपर्यंत एका मीटर रुंदीला ८ मीटर आणि ८० पर्यंत एकाला १५ ह्या प्रमाणात धरतात. जागा अजिबात नसेल तर काही वेग सरळ लेनमध्येच कमी होईल असं मान्य करून लांबी कापतात, पण थांबायची जागा कधीही कापू नका. लेन भरून शेपूट सरळ लेनमध्ये आलं की लेन नसती तरी चाललं असतं अशी अवस्था होते.

आणि हे बहुतेक जण विसरतात: उजव्या वळणाची लेन रस्त्याच्या मधे येते, म्हणजे सरळ जाणाऱ्या दोन्ही लेन बाजूला सरकवाव्या लागतात, गेटच्या दोन्ही बाजूंना. ३.३ मीटरची लेन दोन्हीकडे अर्धी-अर्धी वाटली तर प्रत्येक बाजू १.६५ मीटर सरकते आणि त्याला ताशी ६४ ला निदान ४४ मीटरचं सरकतं टेपर लागतं, एकाच बाजूला सगळं रुंदीकरण केलं तर त्याच्या दुप्पट. तेव्हा काम १०० मीटरचं नसतं, विजेचे खांब, गटार, झाडं, शेजाऱ्याची जमीन, सगळं त्यात येतं. म्हणूनच हा अभ्यास प्लॅन मंजूर व्हायच्या आधी करायचा, पाया खोदल्यावर नाही.

गेट आणि बूम बॅरियर

आता एवढी लेन दिली आणि आत वीस मीटरवर वॉचमनने रजिस्टर उघडलं तर? टर्न लेन मग गेटची वेटिंग रूम होते. आपल्या १०७ गाड्यांना प्रत्येकी २० सेकंद लागले तर तासाला १८० गाड्या पार होऊ शकतात, सरासरी एकाहून कमी गाडी वाट बघत असते, काही त्रास नाही. तेच ३० सेकंद झाले, नाव, फ्लॅट नंबर, फोन लावून विचारणं, की क्षमता १२० वर येते आणि रांगेच्या साध्या गणिताने सरासरी सात गाड्या थांबलेल्या असतात, म्हणजे ५० मीटरच्या वर. सरासरी! वाईट क्षणी ह्याहून कितीतरी जास्त. दहा सेकंदांचा फरक आहे फक्त. म्हणून रहिवासी आणि पाहुणे ह्यांच्या लेन वेगळ्या करा, गेट जितकं आत नेता येईल तितकं न्या, आणि चुकून आत आलेल्याला गेटच्या बाहेरच वळून परत जायला जागा ठेवा, नाहीतर तो रिव्हर्स घेत मेन रोडवर येतो.

लेन कधी बांधायची

डेव्हलपरचं नेहमीचं म्हणणं असतं की सगळी घरं विकली की करू. त्याची अडचण कळते, पैसे तेव्हाच हातात येतात. पण आपल्याच उदाहरणात उलटं गणित करून बघा. सत्तर घरं भरली की उजवी वळणं होतात २५, मागून येणारे ५०५, वळणारे ५ टक्के, समोरून ४३७, मर्यादा ४९३ च्या आसपास. म्हणजे १८० पैकी सत्तराव्या घराच्या आसपासच रेषा ओलांडली जाते. तेव्हा मंजुरीच्या अटीत 'प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावर' असं न लिहिता 'अमुक घरांच्या ताब्याआधी' असं आकडा घालून लिहा. मी तर म्हणेन शक्य असेल तर बांधकाम सुरू व्हायच्या आधीच करा, कारण वाळू-सिमेंटचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर त्याच गेटमधून दोन-तीन वर्षं वळणार असतात आणि ते कारपेक्षा किती सावकाश वळतात हे सांगायला नको.

लेन बसतच नसेल तर

होतं असं, जमीनच नसते. मग पर्याय बघायचे. दुसरं प्रवेशद्वार कमी वेगाच्या बाजूच्या रस्त्यावर देता येतं का, हा पहिला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर. गेट शेजारच्या संकुलाच्या गेटसमोर आणून एकच नीट जंक्शन करता येतं का, कारण थोड्या अंतराने आमनेसामने दोन गेट असली की दोन्हीकडच्या वळणाऱ्या गाड्या एकाच जागेसाठी भांडतात. थांबलेल्या गाडीला डावीकडून वळसा घालता येईल इतका पक्का शोल्डर देणं हा स्वस्त उपाय, ऑस्ट्रेलियात कमी ट्रॅफिकच्या जागी ह्याच धर्तीचं करतात, मात्र तो शोल्डर पायी चालणाऱ्यांचा नसावा. मधे डिव्हायडर घालून उजवं वळण बंद करायचं आणि पुढे यू-टर्न द्यायचा, हेही चालतं, पण यू-टर्न जवळ आणि सोयीचा हवा, लांब दिला की लोक उलट्या बाजूने येतात आणि तो धोका आधीच्यापेक्षा मोठा.

रिपोर्टमध्ये शेवटी हे सगळं दिसलं पाहिजे: कुठल्या तारखेला, कुठल्या हवामानात मोजलं, ट्रिपचा दर कुठून आला, दिशांची विभागणी कशी धरली, सकाळ-संध्याकाळ दोन्ही तक्ते, वेगाचा अभ्यास, गुडघ्यावर बसून काढलेले नजरेचे फोटो, गेटचं सेकंदांचं गणित. आणि निम्मी घरं भरल्यावर एकदा परत जाऊन मोजायची अट स्वतःहून घाला. मी जिथे जिथे परत गेलोय तिथे काही ना काही अंदाजापेक्षा वेगळं निघालंय, एकदा तर वळणाऱ्या गाड्या बरोबर धरल्या होत्या पण डिलिव्हरीवाल्या दुचाकी कुणीच धरल्या नव्हत्या, आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ त्या लेनमध्ये त्याच सगळ्यात जास्त होत्या.